रिकाम्या हातांचे फिटर

साहेब, तुम्ही माझ्या दादाला फसवलंत.

साहेब म्हणते आहे ते सवयीने, मान म्हणून नव्हे. तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुमच्या कागदाखाली जी सही असते ती कोंबडीने पाय ओढत नेल्यासारखी असते, आणि फोन केला तर दरवेळी वेगळाच आवाज येतो. तेव्हा तुम्ही जे कोणी असाल, ज्यांनी खासगी विमानांच्या सुरक्षेचा तो नवा मसुदा लिहिला, ज्यांनी आम्हाला सभागृहात बोलावून "आत्तापासूनच पाळायला लागा" म्हणून सांगितलं, आणि नंतर "असं आम्ही म्हणालोच नव्हतो" म्हणून हात झटकले, त्या तुम्हाला हे लिहिते आहे. हरकती आणि सूचना पाठवायची मुदत संपली म्हणे. संपू द्या. ही हरकत नाही आणि सूचना तर नाहीच नाही. घडलं ते सांगते.

आधी आम्ही कोण ते ऐका, कारण खासगी विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मी त्या सभागृहातल्या पडद्यावर पाहिलंय. पांढरंशुभ्र जेट, काळा चष्मा, चामड्याच्या खुर्च्या. आमच्या विमानाच्या खुर्च्यांना रेक्झिन मी लावलंय, घरच्या शिलाई मशीनवर, आणि एकीची शिवण अजून तिरकी आहे. दोन पंख्यांचं विमान, दादा धरून सहा माणसं. सामानाला वेगळा कप्पा नाही. शेवटच्या खुर्च्यांच्या मागे एक जाळी बांधलेली आहे आणि तिच्यामागे पिशव्या. मागच्या माणसाने जाळीतून हात घातला तर पिशवी हाताला लागते. घोडं पेंड खातं ते इथेच.

दादा विमान चालवतो. मामा ते दुरुस्त करतो. हा मामा कुणाचाच मामा नाही, पण धावपट्टीवरचे सगळे, अगदी वाऱ्याच्या नोंदी घेणारा सरकारी माणूससुद्धा, त्याला मामाच म्हणतात. उरलेलं सगळं मी करते. फोन, बुकिंग, माणसांचं आणि पिशव्यांचं वजन, चहा, झाडू. आणि आमचे प्रवासी म्हणाल तर फिटर. डोंगरापलीकडे मोठे कारखाने आहेत, तिथे प्रवासी विमान जात नाही, आणि रस्ता असा की डोंगराला मिठी मारत मारत जातो. तिकडचं यंत्र बंद पडलं की शहरातले फिटर लागतात. त्यांना उचलायचं, तिकडे सोडायचं, काम झालं की परत आणायचं. तेलकट कपड्यांची, डुलक्या काढणारी माणसं. चष्मा त्यांच्याकडेही असतो, वेल्डिंगचा.

आमच्याकडे एक रीत आहे, तीही सांगायला हवी. मोठ्या विमानात दोन वैमानिक असतात. एक तपासणीची यादी वाचतो, दुसरा त्या त्या गोष्टीला हात लावून उत्तर देतो. दादा एकटाच, म्हणून आमच्याकडे मामा दाराशी उभा राहून मोठ्याने वाचतो. मामा नसला तर मी.

"इंधन?"

"पाहिलं."

"टाकीचं झाकण?"

"घट्ट."

"पट्टे?"

"लागले."

शाळेतल्या पाढ्यांसारखं. पण त्यात एक नियम आहे. यादीतल्या ओळीवर बोलायचं नाही, ती करायची. दादाला ज्यांनी विमान शिकवलं ते गुरुजी एकदा सकाळी कुणाशी तरी हुज्जत घालत घालत यादी अर्धी सोडून वर चढले. शेपटीची झडप हलू नये म्हणून उभ्या विमानाला एक खीळ लावतात, ती तशीच राहिली. विमान जमिनीवरून उठलं, आणि मग ते त्यांचं ऐकेना. दादा धावपट्टीच्या कडेला उभा होता. त्याने ते सगळं पाहिलं. तेव्हापासून तो म्हणतो, "यादी वाचताना मला मत नसतं." जेवताना मतं असतात, पंचवीस असतात, वहिनी कंटाळते. यादीपुढे एकही नाही.

अशा माणसाला तुम्ही सभागृहात बोलावलंत.

तुमचा मसुदा मी वाचला. प्रवाशांची नावं दोन दिवस आधी कळवा. यंत्र काय दोन दिवस आधी कळवून बंद पडतं? मग पुढे, प्रवाशाच्या हाताला लागेल अशा जागी हातोडी नको, पाना नको, पेचकस नको, "बोथट वा धारदार कोणतेही अवजार" नको. आणि हे सगळं पाळता की नाही ते बघायला एक खासगी तपासनीस, जो आम्हीच बोलवायचा. मोठ्या विमानतळावरचे नियम तुम्ही कात्रीने कापून आमच्या अंगावर शिवलेत. नाकापेक्षा मोती जड.

दादा उभा राहिला. त्याला उभं राहून बोलायची सवय नाही, त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली होती.

"साहेब, आमच्याकडे फिटर असतात. त्यांची अवजारं?"

"सामानाच्या कप्प्यात ठेवा."

"कप्पा नाही."

"मग त्याचा विचार होईल," असं म्हणून तुम्ही पुढचं चित्र लावलंत. आणि शेवटी म्हणालात, मला शब्दन् शब्द आठवतो, "हा मसुदा आहे. पण जे आत्तापासून पाळतील त्यांची दखल घेतली जाईल. जे पाळणार नाहीत, त्यांचीही." 'त्यांचीही' म्हणताना तुम्ही हसलात. माझ्या शेजारी एक जेटवाला बसला होता, आमच्याच पट्टीवर त्याचं जेट उभं असतं. तोही हसला, आणि फोन काढून बाहेर गेला.

त्या संध्याकाळी दादाने यादी नव्याने टाइप केली. दोन ओळी वाढल्या. नावं कळवली? अवजारं? वहिनी ताटं मांडत होती.

"अहो, कायदा अजून जन्माला यायचाय ना?" ती म्हणाली. "बाजारात तुरी, आणि तुमची आत्ताच मारामारी."

"दखल घेणार आहेत," दादा म्हणाला.

"घेऊ दे की. पोलीसही दखलच घेतात." मग माझ्याकडे वळून, "वन्सं, तुमच्या भावाला लहानपणी कोणी शिक्षकाने शाबासकी दिली नव्हती का हो? अजून भूक आहे."

मामाने दुसऱ्या दिवशी यादी पाहिली आणि चष्मा पुसला. "कप्तान, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"उद्या कायदा होणारच आहे मामा. तेव्हा धावपळ नको."

नावांचं त्याने निस्तरलं. ज्या ज्या फिटरांना आम्ही नेतो त्या सगळ्यांची नावं एकदाच कायमची देऊन टाकली. मग आम्हीच बोलावलेला तुमचा तपासनीस आला. तरुण, नम्र, बूट इतके चकाचक की मामाने त्याच्यासाठी तेलाच्या डागांवर पोतं अंथरलं. त्याने यादी वाचली, अवजारांची नवी ओळ बघितली, तिचा फोटो काढला आणि म्हणाला, "उत्तम. बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकावं." दादा आठवडाभर शीळ घालत होता. पुढे काही काळ आमच्याकडे हिशेबनीस आणि व्यवस्थापकच येत राहिले, हातात पिशवी आणि पिशवीत डबा. मामा विचारायचा, "अवजारं?" दादा म्हणायचा, "नाहीत." ओळ गुळगुळीत झाली. आम्ही तिला विसरलो.

मग काचकारखान्याचा फोन आला.

ते बाटल्या करतात. आमचं जुनं गिऱ्हाईक, आमचं कायमचं गिऱ्हाईक, खरं सांगायचं तर आमचं विमान उडत होतं ते त्यांच्या जिवावर. व्यवस्थापकांचा आवाज नेहमी मऊ असतो, त्या दिवशी तो सुकलेला होता. "ताई, भट्टीचा मोठा ब्लोअर अडकला. बेअरिंग गेलंय. जोडीचा ब्लोअर आम्ही दुरुस्तीला खोलून ठेवला होता, नेमका आत्ताच. माणसं पाठवा."

काचेची भट्टी तुम्ही पाहिली नसेल. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. ब्लोअरची हवा बंद झाली की ज्योत जाते, ज्योत गेली की आतली काच घट्ट होत जाते, शेवटी दगड होऊन बसते आणि भट्टीच्या विटा तडकतात. मग ती भट्टी पेटत नाही. फोडूनच काढावी लागते. सकाळचा फोन होता आणि त्यांच्या हातात फार तर संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

फिटर म्हणजे आमचे दोघे साडू. थोरला गोलमटोल, धाकटा काटकुळा, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरला नेहमी म्हणतो, "सासऱ्याने पोरगी दिली ती गोड मानून घेतली, पण हा साडू फुकट मिळाला तो काही पचत नाही." ते निळी ट्रंक घेऊन धावतच आले. नवं बेअरिंग धाकट्याच्या कुशीत होतं, तान्ह्या मुलासारखं फडक्यात गुंडाळलेलं. ट्रंकेत बाकी सगळं, आणि त्यात त्यांचा मोठा पुलर. शाफ्टवर जाम बसलेलं बेअरिंग ओढून काढायचं ते तीन पायांचं अवजार असतं. ते नसेल तर बेअरिंग हलत नाही, कितीही शिव्या द्या.

ट्रंक जाळीमागे गेली. साडू बसले. मामा दाराशी उभा राहून वाचायला लागला. इंधन, झाकण, पट्टे.

"नावं कळवली?"

"कळवली."

"अवजारं?" आणि मामा थांबला. त्याने वाचून टाकलं होतं, वाचल्यावर त्याला कळलं.

दादाने मागे वळून जाळीकडे पाहिलं. "आहेत," तो म्हणाला. मग, "उतरवा."

"काय उतरवा?" थोरल्याने विचारलं.

"ट्रंक."

"कप्तान, ट्रंक उतरवून आम्ही तिकडे भट्टीला काय फुंकर घालू?"

"हा घालेल," धाकटा म्हणाला. "पोटात हवा भरपूर आहे."

थोरला पट्टा सोडून पुढे वाकला. "आपली ओळख किती वर्षांची? मी काय वर गेल्यावर पाना काढून तुमच्या डोक्यात घालणार आहे? मग खाली कोण उतरवेल, हा?"

"ओळखीचा प्रश्न नाही."

"कप्तान, तो मसुदा आहे," मामा म्हणाला. "मसुदा."

"यादीत आहे."

"दादा, यादी तूच केलीस," मी म्हणाले.

"म्हणून तर, बारके." लहानपणापासून तो मला बारकीच म्हणतो. "मी केलेली ओळ मीच गडबडीत सोडली, तर मग झाकणाची ओळ कोण पाळेल? दाराची? घाई होती म्हणून सोडली, गुरुजींचंही तेच होतं."

तुम्हाला हे हास्यास्पद वाटत असेल. मलाही त्या क्षणी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण ज्या माणसाच्या हट्टामुळे त्याच्या विमानातून आजवर प्रत्येक फिटर घरी परतला, त्याच्या हट्टातला नेमका कुठला तुकडा मी काढून फेकायचा होता?

तो खाली उतरला आणि माझ्या टेबलावरून तुम्हाला फोन केला. हे नीट ऐका, कारण हे तुम्ही नंतर नाकारलंत. त्याने विचारलं. मी बाजूला उभी होते, फोनचा आवाज मोठा केलेला होता.

"मसुद्याबाबत फोनवर बोलता येत नाही," तुमचा माणूस म्हणाला. "लेखी द्या."

"लेखी देतो. आत्ता फक्त एवढंच सांगा, अवजारं नेऊ की नको?"

"नेऊ नका असं मी म्हणू शकत नाही."

"म्हणजे नेऊ?"

"न्या असंही मी म्हणू शकत नाही."

दादाने फोन ठेवला. मग कारखान्याला लावला. "तुमच्याकडे पुलर आहे का?" व्यवस्थापक म्हणाले, "आमच्या वर्कशॉपमध्ये सगळं आहे हो, तुम्ही आधी माणसं पाठवा, माणसं!" दादाचा चेहरा जरा सैल झाला. ठरलं. साडू आणि बेअरिंग विमानाने, ट्रंक रस्त्याने. बेअरिंग अवजार नव्हे, एवढं तरी तुमच्या मसुद्यात बसत होतं.

विमान उडालं. मी आणि मामाने ट्रंक ओढत फाटकापर्यंत नेली आणि एका भाड्याच्या गाडीत चढवली. चालकाने पत्ता ऐकला, धावपट्टीकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं.

"एवढी घाई आहे तर विमानाने का नाही पाठवत?"

"विमानाला झेपत नाही," मामा म्हणाला.

पुढचं मला थोरल्या साडूने सांगितलं. सांगताना तो एकदाही विनोद करू शकला नाही.

कारखान्याचा पुलर होता. छोट्या मोटारींचा. त्याचे पाय त्या बेअरिंगला कवेत घेईनात. मग कारखान्यातली हातोडी, छिन्नी, सळई, मिळेल ते घेऊन दोघे भिडले, आणि शाफ्टवरच ओरखडा पडला. तेव्हा धाकट्याला सुचलं. तो तिकडच्या धावपट्टीवर थांबलेल्या दादाकडे पळत गेला. "कप्तान, आम्ही बसत नाही विमानात. तुम्ही एकटे जा आणि नुसती ट्रंक आणा. प्रवासीच नाही तर कुणाच्या हाताला लागणार?" दादाने कपाळावर हात मारला म्हणे. हे त्यालाही चाललं असतं, त्याच्या यादीलाही चाललं असतं. पण सुचलं तेव्हा ट्रंक डोंगरात होती, आणि तिथे चालकाचा फोन लागेना. मी इकडून लावतच होते. नुसती टूं टूं.

मग दादाही कारखान्यात गेला. तिघे भट्टीसमोर बसले. भट्टीला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून आतला रंग दिसतो. तो पिवळा होता, मग नारिंगी झाला, मग लाल, मग लाल म्हणावा का असा. आतून आवाज यायला लागला, थोरला म्हणाला, कोणीतरी बोटं मोडावीत तसा. एकेक वीट. कामगार हातातली कामं टाकून दारात येऊन उभे राहिले. बाटल्या खोक्यात भरणारी एक बाई पुढे आली आणि तिने थोरल्याला विचारलं, "तुम्ही दुरुस्त करायलाच आलात ना हो?"

"ताई," थोरला मला म्हणाला, "माझे हात कुठे ठेवू ते मला कळेना. मांडीवर ठेवले. मग खिशात घातले. मग पुन्हा मांडीवर."

ट्रंक पोचली तेव्हा खिडकीत काही दिसत नव्हतं. वरातीमागून घोडं. पुलर लावला, बेअरिंग सहज निघालं, नवं बसलं, ब्लोअर छान फिरला. थंड दगडावर हवा मारत राहिला. कोणीतरी शेवटी बटण दाबून तो बंद केला.

व्यवस्थापक दादाला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "कप्तान, तुम्ही मला रिकाम्या हातांची माणसं आणून दिलीत." नवी भट्टी बांधायला काळ जाईल. तोवर भट्टीवरचे आणि बाटल्या भरणारे घरी. ती बाईसुद्धा. आणि भट्टी उभी राहिली तरी ते आम्हाला बोलावणार नाहीत, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हाला समजलं.

मग आम्ही तुमच्याकडे आलो. दादा आणि मी. तुमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून बसून दादाच्या शर्टाची इस्त्री गेली. आत चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ होते. तुम्हीच होतात का? असाल तर तुम्हाला आठवेल. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि खरोखर नवल वाटल्यासारखं विचारलंत, "पण तो फक्त प्रस्ताव होता. तुम्हाला पाळायला कोणी सांगितलं?"

"तुम्ही," दादा म्हणाला. "सभागृहात."

"ते आवाहन होतं."

"तुमचा तपासनीस 'उत्तम' म्हणाला."

"तो खासगी संस्थेचा आहे. त्याचं मत आमचं नव्हे."

"मी फोनही केला होता."

"त्याची आमच्याकडे नोंद नाही. आणि तसंही अवजारांचं कलम सध्या पुनर्विचाराखाली आहे."

"म्हणजे निघालं?" मी विचारलं.

"निघालं असं नाही."

"मग आहे?"

"तसंही म्हणता येणार नाही."

दादा भांडेल असं मला वाटलं होतं, मी त्यासाठीच बरोबर गेले होते, मला भांडता येतं. तो उठला, खुर्ची परत टेबलाखाली सारली आणि तुम्हाला नमस्कार केला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "थकलो गं, बारके." एवढंच. मग घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता, आणि मी गाडी चालवत होते, नाहीतर मीही तेच केलं असतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर कुठे होता? जेटवाला चोर नाही. त्याने तुमचा मसुदा वाचलाच नाही, एवढंच. तो आमच्या शेडमध्ये येऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, असले कागद आपण वाचायचे नसतात. माझा वकील वाचतो." त्याच दिवशी त्याच्या जेटमध्ये गोल्फच्या काठ्यांच्या पिशव्या चढत होत्या. मी मोजल्या नाहीत, पण एकेका काठीचं डोकं चांगलं लोखंडी होतं. बोथट अवजार. त्याची दखल कोणी घेतली? ज्याने तुमचं ऐकलं नाही तो उडतो आहे. ज्याने ऐकलं त्याच्या विमानावर ताडपत्री आहे.

दादा रोज शेडमध्ये येतो. ताडपत्री काढतो, काचा पुसतो, ताडपत्री घालतो. दुसऱ्या एका कारखान्याचं बोलावणं आलं होतं, त्याने "विमान दुरुस्तीला आहे" म्हणून सांगितलं. दादा खोटं बोलला. मामाने ते ऐकलं आणि तो उगाचच नीट असलेला नट खोलत बसला. घरी वहिनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात म्हणाली, "माणूस घरी असला की घर भरलेलं वाटतं म्हणतात. वन्सं, हे घरी बसायला लागल्यापासून मला घर मोकळं वाटतंय. भांडा म्हणावं माझ्याशी. तेही नाही."

आणि आज सकाळी साडूंचा फोन आला. थोरल्याचा.

"ताई, कप्तान आहेत का? डोंगरापलीकडच्या गावाचा पाण्याचा पंप खोलायचाय. उद्याचं ठरलंय. आम्ही दुसऱ्या विमानात बसत नाही, दुसरा वैमानिक आमचं वजन विचारत नाही."

"तुझं विचारून काय उपयोग, तू खोटंच सांगतोस," मागून धाकटा ओरडला.

दादाने फोन घेतला. नाही म्हणायला तोंड उघडलं. थोरला पलीकडून काय म्हणाला मला ऐकू आलं नाही, पण दादाचं तोंड तसंच उघडं राहिलं, आणि मग तो म्हणाला, "या." फोन ठेवून मला म्हणाला, "तो म्हणतो, कप्तान, आम्हाला राग नाही."

मला वाटलं सुटलो. मामाने ताडपत्री ओढून काढली, टायरांत हवा पाहिली, मी खुर्च्या झटकल्या. वहिनीने कोणी न सांगताच डबा भरायचं ठरवलं. मग मामा पेन घेऊन आला, यादी दादापुढे धरली आणि म्हणाला, "त्या ओळीवर रेघ मारा, कप्तान. मी बाजूला सही करतो."

दादाने पेन घेतलं नाही.

"मी मारली तर ती माझ्या मनाने मारलेली," तो म्हणाला. "आज ही नको झाली. परवा दुसरी नको होईल. मग ती यादी राहत नाही मामा, ती माझी मर्जी होते."

"मग उद्या त्यांची ट्रंक पुन्हा उतरवणार?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "पुन्हा? दादा, तिकडे अख्खं गाव पाण्यावाचून आहे."

"नाही उतरवणार."

"मग नेणार?"

"तेही मी कसं ठरवू?" त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा दादा कधी म्हातारा दिसत नव्हता, आज दिसला. "बारके, ज्यांनी ती ओळ दिली त्यांनी सांगावं. ठेव म्हणाले तर ठेवतो, आणि हे विमान विकून टाकतो, कारण अवजारं न नेणारं विमान फिटरांच्या काय कामाचं. काढ म्हणाले तर काढतो आणि नेतो. पण कोणीतरी म्हणायला पाहिजे."

म्हणून हे मी तुम्हाला लिहिलं. आणि हे हाती देऊन पोच घेणार आहे, पुन्हा 'नोंद नाही' नको. मला समिती नको, पुनर्विचार नको, "योग्य वेळी कळवण्यात येईल" हे तर मुळीच नको. माझ्या दादाची माफीसुद्धा मागू नका, ती तुम्हाला जमणार नाही. मला एक शब्द हवा, आणि त्याखाली एक वाचता येईल असं नाव. उद्या सकाळी दोघे साडू ट्रंक घेऊन येतील, ट्रंक जाळीमागे जाईल, मामा दाराशी उभा राहून वाचत वाचत त्या ओळीपाशी येईल आणि विचारेल, "अवजारं?"

दादाने काय उत्तर द्यायचं? सांगा.